शेतातून थेट आलेली आठवड्याची भाजी : टोपली उघडण्यापासून ताट वाढेपर्यंत

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथल्या कितीतरी घरांत आता भाजी मंडईतून येत नाही. जवळपासचा एखादा शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट महिन्याचे अथवा हंगामाचे पैसे आगाऊ घेतो आणि आठवड्यातून एकदा शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घरपोच करतो. कुणी त्याला टोपली म्हणतं, कुणी पेटी. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल नेणं सोपं झालं.

आमच्या घरी पुण्यात अशी टोपली येते. नव्याने सुरू केलेले ओळखीचे लोक मला साधारण एकच प्रश्न विचारतात, "एवढ्या चाकवताचं करायचं तरी काय?" प्रश्न चाकवताचा नसतो. आधी पदार्थ ठरवायचा आणि मग त्याची भाजी आणायची, ही आपली शहरी सवय असते. टोपलीवर घर चालवायचं तर हा क्रम उलटा करावा लागतो: भाजी बघायची आणि मग बेत ठरवायचा. त्यासाठी शंभर पाककृती पाठ करायची गरज नाही. आपल्याकडच्या पाच-सहा रीती हाताला बसल्या की महाराष्ट्रात उगवणारी जवळजवळ कुठलीही भाजी त्यांत बसते. हा लेख मुख्यतः त्या रीतींसाठी लिहिला आहे. बाकीचं सगळं त्याची तयारी.

१. पैसे भरण्याआधी विचारून घ्या

गटाला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या:

- टोपली किती किलोची आणि त्यात पालेभाजीच्या जुड्या किती?
- नको असलेली एखादी भाजी बदलून मिळते का?
- गावाला जाणार असू तर किती दिवस आधी कळवायचं? त्या आठवड्याचे पैसे पुढे धरले जातात का?
- पावसाने किंवा रोगाने पीक गेलं तर टोपली लहान होते की दुसऱ्या शेतकऱ्याचा माल त्यात भरतात?
- भाजी कधी काढली जाते आणि आपल्याकडे कधी पोचते?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहाटे काढून दुपारपर्यंत पोचलेली मेथी आणि दोन दिवस गोदामात थांबलेली मेथी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

किती घ्यायची याचा अंदाज असा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, पालेभाज्या धरून. म्हणजे दोन माणसांना आठवड्याला साडेपाच किलो. पण तुम्ही एक वेळ डबा बाहेरून घेत असाल तर चार किलोच्या वर जाऊ नका. पहिल्या महिन्यात लहान टोपली घेणंच शहाणपणाचं.

'सेंद्रिय' या शब्दावर लगेच भुलू नका आणि लगेच शंकाही घेऊ नका. लहान शेतकऱ्यांचे गट बहुधा पीजीएस-इंडिया या पद्धतीने प्रमाणित होतात. तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. 'पीजीएस-इंडिया ग्रीन' म्हणजे जमीन अजून रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे जाण्याच्या, बदलाच्या काळात आहे आणि 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पूर्ण झाला आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कागद नाही म्हणजे फसवणूक असं होत नाही. "शेत बघायला येऊ का?" एवढं विचारा. जो मोकळेपणाने या म्हणतो त्याच्याकडून निर्धास्त घ्या.

२. घरात काय असू द्यावं

भांडी थोडीच लागतात: एक जाड बुडाची कढई, कुकर आणि त्यात बसणारे डबे, तवा, विळी किंवा धारदार सुरी, खलबत्ता, रवी, मोठी चाळणी. लोखंडी कढई असेल तर उत्तम, फक्त तिच्यात ताक, चिंच, आमसूल घातलेलं काही शिजवू नका आणि भाजी झाल्यावर तिच्यातच ठेवून देऊ नका.

कोरड्या सामानात मिसळणाचा डबा भरलेला हवाच. शिवाय तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ, बेसन, शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला किंवा तुमच्या भागातला काळा मसाला, चिंच, गूळ, आमसूल, तीळ, सुकं खोबरं, आणि भाजणी किंवा ज्वारीचं पीठ. दाणे भाजून, सोलून कूट एकदम आठवड्याचं करून ठेवा. संध्याकाळी कामावरून आल्यावर भाजी होणार की बाहेरून मागवायचं, हे पुष्कळदा कूट तयार आहे की नाही यावर ठरतं.

चार-पाच धुतलेल्या सुती पिशव्या आणि जुन्या मलमलीचे तुकडे हाताशी ठेवा.

३. टोपली आली की पहिला तास

हा तास काढता येत नसेल तर टोपली घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. आठवडाभराची चव या तासावर अवलंबून असते.

आधी सगळं वर्तमानपत्रावर पसरा. काहीही धुऊ नका. धुतलेली भाजी ओली राहते आणि ओली भाजी सडते. धुवायचं ते चिरायच्या आधी.

मुळा, गाजर, बीट, नवलकोल यांचा पाला लगेच कापून वेगळा करा. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत मुळा पोचट होतो. कापलेला पाला टाकायचा नाही, त्याची भाजी पुढे येते.

पालेभाज्यांच्या जुड्या सोडा. दोऱ्याखाली दबलेली पानं सगळ्यात आधी कुजतात. पिवळी पानं आणि मुळं काढून टाका, बाकीची मलमलीत गुंडाळून सुती पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाला वाटेत मलूल झाला असेल तर देठ गार पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवा, तरतरी येते. मग मात्र पूर्ण निथळून, कोरडा करूनच आत ठेवा.

भेंडी कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. टोमॅटो, कांदे, बटाटे, अख्खा लाल भोपळा, रताळी, सुरण यांना फ्रिज नको. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा टाकून द्या.

फ्लॉवर, कोबी आणि वांग्यात अळी निघेल. औषध कमी मारलेल्या शेतात ती असायचीच. चिरलेला फ्लॉवर मीठ-हळद घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला की अळ्या वर येतात. वांग्याचा किडका भाग काढून उरलेलं वापरावं.

४. कुठली आधी, कुठली नंतर

पहिले दोन-तीन दिवस पालेभाज्यांचे: मेथी, शेपू, पालक, चाकवत, चवळई, माठ, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. त्यानंतर भेंडी, गवार, घेवडा, पावटा, वांगी, दोडका, तोंडली. शेवटाला कोबी, गाजर, बीट, दुधी, भोपळा, सुरण, रताळी.

पुष्कळ जण उलट करतात. ओळखीचा कोबी पहिल्या दिवशी संपतो आणि अनोळखी चाकवत "बघू उद्या" म्हणून राहतो. अनोळखी भाजी आली की तीच आधी करायची, असा घरात नियमच करा.

५. भाजीच्या सहा रीती

*परतून.* तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची किंवा ठेचलेला लसूण, मग भाजी. मेथी, माठ, चवळई, भेंडी, तोंडली, कोबी, घेवडा, सगळं या रीतीने होतं. पालेभाजीत पाणी घालायचं नाही आणि झाकण ठेवायचं नाही, म्हणजे रंग राहतो. मीठ शेवटी. कढईभर मेथी शिजून वाटीभर होते, आणि कच्च्या ढिगाकडे बघून मीठ घातलं की भाजी खारट होते. भेंडीत चिंच, आमसूल किंवा चमचाभर ताक घातलं की तार सुटत नाही. कोबीत भिजवलेली हरभराडाळ घाला. वर ओलं खोबरं असेल तर फारच छान.

*पीठ पेरून.* कांद्याची पात, मुळ्याचा पाला, मेथी, सिमला मिरची, कोबी यांना ही रीत शोभते. चार वाट्या चिरलेल्या पातीला अर्धी वाटी बेसन पुरतं. नवशिक्यांनी बेसन आधी कोरडंच खमंग भाजून घ्यावं, म्हणजे भाजी कच्चट लागत नाही. लसणाची सढळ फोडणी करा, भाजी अर्धवट शिजली की मीठ, तिखट घाला, वरून पीठ भुरभुरा, न हलवता झाकण ठेवून एक वाफ काढा. मग हलवा, कडेने चमचाभर तेल सोडा, दुसरी वाफ आणा. मुळ्याचा पाला असा केला तर कुणी तो पुन्हा कचऱ्यात टाकणार नाही.

*डाळ घालून.* कोरडी किंवा पातळ, दोन्ही होतात. पडवळ, दुधी, दोडका, नवलकोल, शेपू यांत भिजवलेली मूगडाळ किंवा हरभराडाळ घालून कोरडी भाजी करतात. पालक तूरडाळीबरोबर शिजवून, घोटून, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिली की विदर्भातली डाळभाजी. चार पालेभाज्यांची मूठ-मूठ उरली असेल तर ती सगळी डाळ आणि दाण्यांबरोबर एकत्र शिजवून घोटा: त्याला सोलापूर-मराठवाड्याकडे गरगट्टं म्हणतात, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याला तोड नाही. आंबाडी किंवा आंबट चुका असेल तर तो डाळीबरोबर कुकरमध्ये लावू नका. आंबटात डाळ शिजत नाही. डाळ आधी शिजवून घ्या.

*ताकातली.* चाकवताच्या प्रश्नाचं उत्तर हे. एक जुडी चाकवत निवडून, धुऊन, चिरून कुकरला लावा. शेजारच्या डब्यात दोन-तीन तास भिजवलेली पाव वाटी हरभराडाळ आणि मूठभर शेंगदाणे. शिजलेला चाकवत रवीने घोटा, त्यात दोन चमचे बेसन गुठळी न राहता मिसळा, मग दोन वाट्या ताक, डाळ आणि दाणे. मंद आचेवर ठेवा आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर ताक फुटतं. मीठ आणि चिमूटभर साखर उतरवताना. वर तुपात किंवा तेलात मोहरी, जिरं, चार मेथीदाणे, हिंग, लाल मिरची आणि ठेचलेला लसूण तांबूस करून ती चरचरीत फोडणी ओता. पालकाची आणि चंदनबटव्याचीही अशीच. ताक फार आंबट नको, आणि फ्रिजमधलं गार ताक एकदम ओतण्यापेक्षा ते आधी बाहेर काढून ठेवलेलं असावं. गरम भात आणि ही भाजी एवढंच जेवण पुरेसं आहे.

*रस्सा.* वांगी-बटाटा, गवार, पावटा, ओले वाटाणे, शेवग्याच्या शेंगा, फ्लॉवर. फोडणीत कांदा परता, भाजी घालून वाफ आणा, गोडा मसाला, तिखट, मीठ, आधण आलेलं पाणी. भाजी शिजल्यावरच चिंचेचा कोळ आणि गूळ, शेवटी दोन-तीन चमचे कूट. चिंच आधी घातली तर गवार आणि पावटा चिवट राहतात. जानेवारीच्या टोपलीत पावटा, गाजर, वांगी, ओला हरभरा सगळं एकदम येतं. त्यात बोरं आणि तिळाचं कूट घातलं की तीच भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर.

*कच्ची किंवा भाजलेली.* काकडी, गाजर, मुळा, बीट, कोवळा पडवळ यांची कोशिंबीर: दही किंवा लिंबू, कूट, जिऱ्याची फोडणी, मीठ वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं. भरिताला वांगं हवंच असं नाही. लाल भोपळा उकडून दह्यातलं भरीत होतं, घोसाळं भाजूनही होतं. वांगं भाजताना त्याला टोचे मारून तेलाचं बोट लावा. जळगावकडची हिरवी भरिताची वांगी कधी टोपलीत आली तर ती रश्शात वाया घालवू नका. भाजा, कांद्याची पात आणि ठेचलेली हिरवी मिरची घाला, बस.

६. या भाज्यांना सांभाळून

दुधी चिरण्याआधी एक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. मीठ, साखर, उकळणं, कशानेही त्यातलं विष जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. दोडका आणि काकडीलाही हाच नियम. शेतकऱ्यालाही कळवा, कारण त्याच वेलाचे दुधी इतरांकडेही गेले असतील.

अळूने आणि सुरणाने घसा खवखवतो. दोन्हींत चिंच किंवा आमसूल हवंच. चिरताना हाताला तेल लावा. अळूचं फदफदं करायचं तर त्यात हरभराडाळ, दाणे, चिंच, गूळ, आणि मिळालं तर ओल्या खोबऱ्याचे काप.

पावसाळ्यात काही गट रानभाज्या पाठवतात: टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कर्टोली, शेवळं. टाकळा आणि कुरडू कोवळे असतात तोवर कांदा-लसणावर परतून उत्तम होतात. कर्टोली कारल्याइतकी कडू नसतात, काप करून परता, जून बिया तेवढ्या काढा. शेवळं मात्र पहिल्यांदा एकट्याने करू नका. ती घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं नावाची आंबट फळं वापरतात. ज्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होतात तिथल्या कुणाकडून तरी बघून शिका. आणि टोपलीत आली म्हणून उत्साहाने स्वतः टेकडीवर जाऊन रानभाजी खुडू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन झाडांतलं एक खाण्याजोगं नसू शकतं.

७. हिवाळ्यातला एक आठवडा

टोपली गुरुवारी आली आणि तिच्यात मेथी, चाकवत, कांद्याची पात, पाल्यासकट मुळा, वांगी, पावटा, गाजर, कोबी आणि लाल भोपळ्याची फोड आहे असं धरू.

- गुरुवार: लसूण घालून परतलेली मेथी, भाकरी, मुळ्याची कोशिंबीर
- शुक्रवार: ताकातला चाकवत, भात, पापड
- शनिवार: मुळ्याचा पाला आणि अर्धी पात पीठ पेरून, भाकरी, ठेचा
- रविवार: वांग्याचं भरीत उरलेली पात घालून, मूगडाळीची खिचडी
- सोमवार: पावट्याचा रस्सा, पोळी, गाजराची कोशिंबीर
- मंगळवार: हरभराडाळ घालून कोबी, आमटी-भात
- बुधवार: भोपळ्याचं दह्यातलं भरीत आणि उरल्यासुरल्या भाज्यांचं थालीपीठ

बुधवारचं थालीपीठ रद्द करू नका. तळाला राहिलेलं अर्धं गाजर, कोबीचं टोक, चार काड्या मेथी, सगळं किसून-चिरून भाजणीत जातं. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन. तव्यावर थापून मध्ये भोक पाडा, तेल सोडा, झाकण ठेवा. बरोबर दही किंवा लोणी.

८. सालं आणि देठ

दोडक्याच्या शिरा, दुधीची कोवळी सालं बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटा. ही चटणी कोरडी राहिली तर आठवडाभर टिकते. फ्लॉवरचे कोवळे देठ आणि कोबीचा दांडा सोलून रश्शात घाला. बीटचा पाला पालकासारखाच वापरावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळा फुलावर येतो तेव्हा मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या मिळतात. त्यांची परतून भाजी करतात.

९. शेतकऱ्याला कळवत राहा

दर आठवड्याला दोन ओळी पाठवा: काय आवडलं, काय उरलं, काय खराब निघालं. "भाजी चांगली नव्हती" असं मोघम लिहू नका. "गवार जून होती", "पालक दबून आला", असं लिहिलं की पुढच्या आठवड्यात तोडणी दोन दिवस आधी होते किंवा जुड्या वर ठेवल्या जातात. एप्रिल-मे मध्ये टोपली हलकी होणार, गवार, भेंडी, काकडी, भोपळा आणि कैरी यांवरच दिवस काढावे लागणार. त्याबद्दल तक्रार करू नका, विहिरीला पाणीच नसतं. उलट हिवाळ्यात मेथी किंवा टोमॅटो एकदम भरपूर निघतात आणि बाजारात भाव पडलेला असतो, तेव्हा गटाकडून जास्तीचा माल घ्यायची तयारी दाखवा. मेथी निवडून सावलीत वाळवली तर उन्हाळ्यात आमटीला आणि थालीपिठाला उपयोगी पडते. टोमॅटो वाफवून, सालं काढून, आटवून बर्फाच्या साच्यात गोठवा आणि एकेक वडी रश्शाला वापरा.